न पेटणारी फुलं

धूर दिसला आणि लोरिनाने मागचापुढचा काही विचार केला नाही. दोन्ही हातांत पाण्याने भरलेल्या बादल्या होत्या. दुष्काळातलं पाणी, गल्लीची पाळी आली की मिळणारं, थेंब न सांडता घरी न्यायचं. पण म्हाताऱ्या ऊम डावीच्या, म्हणजे डावीकाकाच्या, रोपवाटिकेच्या भिंतीमागून पांढरा धूर वर चढत होता आणि तिचे पाय आपोआप तिकडे धावले. लाकडी फाटक तिने खांद्यानेच ढकललं. आत एक जुनं पत्र्याचं पिंप धुमसत होतं. पहिली बादली तिने पिंपावर ओतली. पिंपातून एक जाड नळी प्लास्टिकच्या बुटक्या तंबूत गेली होती आणि तंबूच्या फटींतूनही धूर येत होता. दुसरी बादली तिने तंबूत भिरकावली.

"आग! आग लागलीय!" ती किंचाळली.

"होती," तंबूतून आवाज आला. "आत्ताच विझली."

मग तंबूतून एक माणूस रांगत बाहेर आला. नखशिखान्त भिजलेला. उंच, सावळा, केसांत बियांचा भुसा अडकलेला, आणि तोंडावर — अहो, हसू! एवढं थंड पाणी अंगावर पडलेला माणूस हसतो कसा?

"बाई, कधीपासून अशी अंघोळ मिळाली नव्हती," तो म्हणाला. "पुढच्या वेळी येताना साबणही आणा."

लोरिनाचे दात वाजत होते. मार्च संपत आला होता, ऊन रणरणत होतं, थंडीचं नाव नव्हतं, तरी ती कापत होती. ते पाहिलं आणि त्याचं हसू मावळलं. त्याने शर्टाला हात पुसले आणि आवाज खाली आणला.

"आग नव्हती हो. मुद्दाम केलेला धूर आहे. या डोंगरातल्या बिया फार आळशी. नुसतं पाणी घालून उठत नाहीत. धूर लागला की त्यांना वाटतं, वणवा होऊन गेला, आता पावसाळा येईल, आता रान मोकळं आहे. मग डोळे उघडतात."

"मग झोपू द्या ना त्यांना!" लोरिना म्हणाली. "कशाला उठवता?"

आणि बादल्या तिथेच टाकून ती पळाली.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, तसं लोरिनाचं झालं होतं. आणि दूध काही साधं नव्हतं. दोन उन्हाळ्यांपूर्वी क्लारफोंटेन गावाच्या मागचा डोंगर पेटला, तेव्हा चर्चची घंटा वाजली. घंटा अवेळी वाजली की प्रत्येक घरातला एक पुरुष ओलं गोणपाट घेऊन डोंगराकडे निघतो. मिशनची वस्ती उभी राहिली तेव्हापासूनची ही रीत आहे. तालुक्याच्या गावाहून बंब येईपर्यंत गावानेच आग झोडपायची. झिम्रींच्या घरातून लोरिनाचा बाप बेर्टस निघाला. तिने त्याची बाही धरली होती. "पप्पा, आज नको." त्याने हसत बाही सोडवून घेतली. दुपारी वारा फिरला. बाकीचे सगळे परत आले. बेर्टस आला नाही.

त्याच दिवशी घरही गेलं. एक ठिणगी उडत आली आणि खिडकीखालच्या रोजमेरीच्या वाळक्या कुंपणात पडली. तिथून गवताच्या छपराला पोचायला कितीसा वेळ लागतो? आता त्या जागेवर पत्र्याच्या छपराचं नवं घर होतं आणि त्यात लोरिना आणि तिची मावशी, आंटी साना, अशा दोघीच राहत होत्या. घराभोवती मात्र उघड्या वाळूशिवाय काही नव्हतं. गवताची काडीसुद्धा नव्हती. लोरिना रोज सकाळी बुटांच्या कारखान्यात कामाला जाण्याआधी ती वाळू झाडायची. गॅसची शेगडी बंद केलीय का ते परत-परत बघायची. दाराआड एक पिशवी कायम भरून ठेवलेली, पळायची वेळ आली तर. आंटी साना म्हणायची, "पोरी, आपण राहतो की उतरलोय?"

धुराच्या त्या दिवशी संध्याकाळी फाटकाशी तंबूतला तो माणूस उभा. दोन्ही हातांत लोरिनाच्या बादल्या, काठोकाठ भरलेल्या.

"हे आमच्या वाट्याचं पाणी," तो म्हणाला. "तुमचं मी अंगावर घेतलं, म्हणून."

"पण मग तुमचं काय?"

"मी आज अंघोळ केलीय ना."

आंटी साना आतून फिस्सकन हसली आणि बाहेर आली. "तूच का तो डावीचा पुतण्या? केप शहराकडून आलेला? एल्रिको ना? ये, बस. आणि पोरांनो, ते अहो-जाहो पुरे झालं. एकाला दुसऱ्याने बादलीने न्हाऊ घातल्यावर कसलं आलंय अहो?"

लोरिनाचे कान तापले. एल्रिको ओट्यावर बसला, लाल रॉयबॉस चहाचा कप हातात घेतला आणि अंगणाकडे बघत राहिला.

"इथे काय परेड करता?"

"काही लावलं की ते वाळतं," लोरिना म्हणाली. "वाळलं की पेटतं."

तिला वाटलं, आता हा समजावणार. गावात सगळे समजावायचे. अगं, झालं गेलं विसर, दोन गुलाब लाव, मन रमेल. पण त्याने मान डोलावली.

"बरोबर आहे तुझं," तो म्हणाला. "इथे नको ती झाडं लावण्यापेक्षा उघडी वाळू बरी. पण... पाणी न मागणारी आणि पटकन न पेटणारीही फुलं असतात. मुळीच पेटत नाही असं जगात काही नाही, खोटं कशाला बोलू? पण पेटायला ज्यांना फार जिवावर येतं, अशी आहेत. एकदा येऊन बघशील? पसंत नाही पडली तर तुझी वाळू कुठे पळून जात नाही."

तो फाटकाबाहेर पडेपर्यंत लोरिना त्याच्या पाठीकडे बघत होती, हे आंटी सानाच्या नजरेतून सुटलं नाही.

शनिवारी ती रोपवाटिकेत गेली. आधी लांबून भिंतीवर नजर टाकली. धूर नव्हता.

"आज पिंप बंद आहे," आतून एल्रिको ओरडला. "येऊ शकतेस. बादली बाहेर ठेव!"

रोपवाटिकेत येणारी बाकीची माणसं विचारायची, फूल कुठल्या रंगाचं? केव्हा येतं? लोरिनाचा प्रश्न एकच. ती प्रत्येक रोपासमोर उभी राहायची आणि विचारायची, "हे पेटतं का?"

"तूच ओळख," तो म्हणाला. त्याने एक बारीक पान तोडून तिच्या तळव्यावर ठेवलं. "चुरगळ."

तिने चुरगळलं. असा घमघमाट सुटला! औषधी, गोड, डोक्यात जाणारा.

"हा बुखू. वास बोटांना चिकटला ना? म्हणजे पानात तेल आहे. पाण्यावाचून जगतो, फुलतो सुरेख, पण ठिणगी पडली की दिव्याची वातच. आता हे बघ." त्याने दुसरं पान ठेवलं, जाड, बोटभर, हिरवंगार. ते तिने दाबलं तर तळव्यावर पाणी आलं. "ही फेखी. जमिनीला चिकटून पसरते. उन्हाळाभर स्वतःच्या पानांतलं पाणी पिते, कोणाकडे मागत नाही. आग आली तर आधी हे सगळं पाणी आटवावं लागेल तिला."

"म्हणजे वासाचं ते वाईट?"

"वाईट नाही गं. घरापासून लांब." तो जरा थांबला. मग आपल्या बाहीचा वास घेतल्यासारखं करत म्हणाला, "मी बघ, अजिबात सुगंधी नाही. म्हणजे घराजवळ चालेन ना?"

लोरिना हसली. हसली आणि स्वतःच दचकली, कारण कारखान्यात, चर्चमध्ये, घरी, कुठेच तिला असं हसू आलं नव्हतं कित्येक दिवसांत. तिने घाईघाईने तोंड फिरवलं आणि एका कोरफडीला विचारलं, "आणि हे पेटतं का?"

"कोरफडीला काय विचारतेस?" एल्रिको म्हणाला. "मला विचार ना..."

त्या दिवसापासून रोपांची निवड सुरू झाली आणि ती काही लवकर संपेना. खरं तर एका दुपारचं काम. पण एल्रिकोला दर शनिवारी काहीतरी नवीन आठवायचं आणि लोरिनाला दर शनिवारी काहीतरी शंका असायची. त्याने तिच्या अंगणात टाचेने रेघा ओढल्या. भिंतीलगत नुसते दगडगोटे. त्याच्यापुढे फेखी, जांभळी, केशरी, पिवळी, जमिनीला धरून. मग कोरफडी, लाल तुऱ्यांच्या, एकमेकींपासून अंतर ठेवून. एका अंगाला स्पेकबूम, त्याच्या गुबगुबीत पानांचं कुंपण. आणि अगदी फाटकाशी, घरापासून सगळ्यात लांब, मोठ्या वाटीएवढ्या फुलांचा एकच प्रोटिया.

"प्रोटिया पेटतो," लोरिना म्हणाली.

"पेटतो. म्हणून फाटकाशी. पण तू त्याच्यासमोर दर शनिवारी थांबतेस, हे मी पाहिलंय."

हा माणूस एवढं बघतो म्हणजे काय!

इथला पाऊस हिवाळ्यात पडतो. मे महिन्यात पहिल्या सरी आल्या आणि त्यांनी रोपं लावली. थंड ओल्या वाळूत दोघांचे हात कोपरापर्यंत गेलेले. कधी बोटं बोटांना लागायची. मग दोघंही उगाच रोपाबद्दल बोलायची — "हे जरा उजवीकडे..." "हं... उजवीकडे." आंटी साना खिडकीतून ओरडायची, "सकाळपासून एकच झाड लावताय का रे?"

प्रोटिया मात्र जुलैत काळा पडला. पानं कडेने करपली, मग सगळंच. लोरिनाने ते पाहिलं आणि तशीच कारखान्याचा एप्रन घालून रोपवाटिकेत धावली. "मेलं ते! मी हात लावला की मरतं सगळं!"

एल्रिको आला, वाकला, माती उकरली, वास घेतला. "आंटी साना," त्याने हाक मारली, "इथे कोंबड्यांचं खत कोणी घातलं?"

"मी," आंटी साना अभिमानाने म्हणाली. "चांगलं दोन घमेली. बिचारं कसं किडकिडीत होतं!"

"अहो, याला सवय उपाशी मातीची. खत म्हणजे याला विषच. लाडाने मारलंत तुम्ही."

आंटी साना हिरमुसली, पण लोरिनाने सुटकेचा निःश्वास टाकला. आपल्या हाताने मेलं नाही, एवढंच तिला पुरे होतं. एल्रिकोने दुसरा प्रोटिया आणून लावला आणि आंटी सानाकडून येशूची शपथ घेववली की कोंबड्यांचं जे काही असेल ते कोंबड्यांपाशीच राहील.

सप्टेंबरात फेखी फुलली. बाई गं, काय फुलली! दुपारच्या उन्हात सगळं अंगण चकचकायचं, नजर ठरायची नाही. ढग आला की सगळी फुलं मिटायची आणि ऊन आलं की पुन्हा उघडायची. लोरिना जेवणाच्या सुट्टीत कारखान्यातून धावत घरी यायला लागली, फुलं बघायला. आणि योगायोग बघा, एल्रिकोचंही नेमकं त्याच वेळी त्या गल्लीत काम निघायचं.

"फुलं बघायला आलो होतो," तो फाटकाला टेकून म्हणायचा.

"तुझ्याकडे रोपवाटिकेत नाहीत फुलं?"

"आहेत. पण ती मला 'हे पेटतं का' असं विचारत नाहीत."

एकदा त्याने फाटकावर ठेवलेल्या तिच्या हातावर हात ठेवला. नुसता ठेवला. बूट शिवून शिवून तिची बोटं खरखरीत झाली होती, तिला ती लपवावीशी वाटली, पण त्याने सोडली नाहीत. लोरिनाला आनंद झाला. खोटं कशाला सांगू, खूप आनंद झाला. आणि त्याच क्षणी भीतीही वाटली. इतके दिवस तिला घर जाईल याची भीती होती. घर काय, पत्र्याचं होतं, पुन्हा उभं राहिलं असतं. आता तिच्याजवळ गमावण्यासारखं काहीतरी होतं आणि ते तिच्यासमोर हसत उभं होतं.

डिसेंबर उजाडला, म्हणजे इथला उन्हाळा. डोंगर पिवळा पडला, रस्त्यावरची धूळ उडायला लागली. एल्रिको बिया गोळा करायला वर घळीत गेला होता, दुपारी यायचा होता, आला नाही. उशिरा, उन्हं कलून गेल्यावर, पोतं खांद्यावर घेऊन शीळ घालत उतरला, तर लोरिना वाटेवर उभी.

"कुठे होतास?"

"वर. दगड घसरत होते, म्हणून वळसा घालून—"

"वळसा! इथे माझा जीव टांगणीला लागलाय आणि हा शीळ घालतोय!" तिचा आवाज फाटला. "एल्रिको, मला शब्द दे. डोंगर पेटला, घंटा झाली, तरी तू जायचं नाहीस. पप्पांची बाही मी धरली होती. हातातून सुटू दिली. मी आणखी घट्ट धरायला हवी होती. तुझी सुटू देणार नाही मी. शब्द दे."

घंटा झाली की प्रत्येक घरातून एक माणूस जातो, हे त्यालाही माहीत होतं. ऊम डावीच्या घरात जाण्याजोगा माणूस तोच. ऊम डावीने सत्तरी ओलांडली होती आणि एक पाय ओढत चालायचा.

"लोरिना..."

"शब्द दे, नाहीतर उद्यापासून फाटकाशी येऊ नकोस."

तिचे डोळे भरून आले होते. त्याने पोतं खाली ठेवलं.

"बरं," तो म्हणाला. "नाही जाणार."

तिने तिथेच, भर वाटेत, त्याच्या छातीवर डोकं टेकलं. त्याने तिच्या केसांवरून हात फिरवला. पण तो त्या संध्याकाळी पुन्हा हसला नाही, आणि लोरिनाने ते बघूनही न बघितल्यासारखं केलं.

फेब्रुवारीत डोंगरावरून गरम वारा उतरला. अंगाची लाही लाही करणारा, दारं खडखडवणारा. तिसऱ्या प्रहरी चर्चची घंटा वाजली आणि वाजतच राहिली. लोरिना कारखान्यातून पळत घरी आली. कड्याच्या मागे तपकिरी धूर उठला होता आणि त्याच्या बुडाशी मधूनच लाल काहीतरी हलत होतं.

एल्रिको तिच्या ओट्यावर बसला होता. आपला आपण आला होता, शब्द दिल्याप्रमाणे.

"आलास," ती म्हणाली. तिचा जीव भांड्यात पडला. ती त्याच्याशेजारी बसली, त्याचा दंड दोन्ही हातांनी धरला.

गल्लीतून माणसं निघाली. खांद्यावर गोणपाटं, हातात फावडी. कारखान्यातला पीटर फाटकाशी थांबला. "एल्रिको! चल ना, बसलायस काय?" एल्रिकोने मान वर केली नाही. पीटर क्षणभर घोटाळला, लोरिनाकडे पाहिलं आणि पुढे गेला. आणखी दोघं गेली. कोणी थांबलं नाही. आंटी साना आतून सगळं बघत होती, पण ती एक शब्द बोलली नाही. एरवी तिच्या तोंडाला कुलूप म्हणून नसायचं.

मग ऊम डावी आला. पाय ओढत, ओलं गोणपाट गळ्यात. पोराला बसलेलं पाहिलं आणि म्हणाला, अगदी सरळ, मायेने म्हणाला, "बस, बस. पोरीला सोबत हवी. आपल्या घरातून मी चाललोय ना." आणि तो पुढे निघाला, पाय ओढत.

टोमणा असता तर लोरिनाने उलट उत्तर दिलं असतं. टोमणा नव्हता.

तिने एल्रिकोकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता. हात गुडघ्यांत घट्ट दाबलेले. चेहऱ्यावर ना राग, ना तक्रार, काहीच नाही. तिच्याशी फाटकावरून थट्टा करणारा माणूस तिथे नव्हताच. तिने त्याला घट्ट धरलं होतं, हवं तितकं घट्ट, आणि तो सुटला नव्हता. इतकी वर्षं तिला वाटायचं, त्या दिवशी पप्पांना असंच धरून ठेवलं असतं तर! धरून ठेवलेला माणूस कसा दिसतो, ते तिने आज पाहिलं. पप्पाही असेच बसले असते. घरातच असते, जिवंत असते, आणि जन्मभर असेच खाली बघत बसले असते.

तिची भीती जरासुद्धा कमी झाली नव्हती, उलट वाढली होती.

"ऊठ," ती म्हणाली.

"मी शब्द दिलाय."

"मी परत घेतला. ऊठ. म्हातारा पोचेल तिथे."

"लोरिना, खरंच?"

"नको विचारूस. अजून एकदा विचारलंस तर मी नाही म्हणेन." तिने दाराशी पडलेलं गोणपाट ओढलं, पाण्याच्या पिंपात बुडवलं, पिळलंही नाही, तसंच त्याच्या खांद्यावर टाकलं. पाणी दोघांच्या अंगावर सांडलं. "मी घाबरणार आहे. तू निघाल्यापासून येईपर्यंत घाबरणार आहे. तू तिकडे लक्ष देऊ नकोस. वारा फिरला की खाली ये. शूरपणा करायचा नाही. कळलं?"

"कळलं." तो उभा राहिला. "मला तुला काहीतरी—"

"आल्यावर बोल! आत्ता बोललास तर मी सोडणार नाही तुला."

तो गेला. गल्लीच्या टोकाशी त्याने ऊम डावीला गाठलं, त्याच्या गळ्यातलं गोणपाट काढून घेतलं. म्हाताऱ्याने त्याच्या पाठीत एक धपाटा घातला, तो इथपर्यंत ऐकू आला, आणि म्हाताराही हट्टाने त्याच्याबरोबर डोंगराकडे निघाला.

घरात बसवेना. आंटी सानाने पावाची टोपली उचलली आणि नुसतं दाराकडे बघितलं. दोन उन्हाळे लोरिना तिथे गेली नव्हती. डोंगराच्या पायथ्याच्या रस्त्यावर बायका जमतात, पाणी, चहा, पाव घेऊन, आणि वाट बघतात. आज ती गेली.

काय सांगू त्या दुपारचं! राख पडत होती, केसांवर, पावांवर, चहात. कोणी कोणाला काही विचारत नव्हतं. वरून कधी माणसांच्या हाका यायच्या, कधी नुसताच सूं सूं आवाज. लोरिना पाव कापत होती. एकदा तिने बोटच कापलं आणि तिच्या ते लक्षातही आलं नाही, आंटी सानाने चिंधी बांधली. आणि मग वारा फिरला. बायकांनी सगळ्यांनी एकदम मान वर केली. पीटरची बायको देवाचं नाव घ्यायला लागली. धुराची भिंत कड्यावरून इकडे कलली आणि वरच्या हाका थांबल्या. लोरिनाच्या मनात एकच घोळायला लागलं. मीच पाठवलं. मी उठवलं. तो बसला होता ना माझ्याजवळ, मीच उठवलं...

ती ओरडली नाही. तिने फडकं पाण्यात बुडवलं आणि उभी राहिली, कारण बाकीच्या उभ्या होत्या.

संध्याकाळी माणसं उतरायला लागली. सगळे सारखे काळे. कोण कोण ते ओळखू येईना. लोरिना पुढे झाली, पहिल्याचा चेहरा धरला, पुसला.

"मी आहे गं, पीटर," तो खोकत म्हणाला. "हळू, नाक राहू दे."

दुसऱ्याचा पुसला. तो नव्हता. तिसरा नव्हता. चौथ्याला तर तिने एल्रिको समजून मिठीच मारली, तो चर्चचा बँडवाला निघाला आणि भलताच लाजला. कोणीतरी बाई हसली. लोरिनाला हसू येत नव्हतं.

ऊम डावी आला, दोघांच्या खांद्यांवर हात टाकून. "पोरगा? माझ्यामागेच होता," तो म्हणाला. मग मागे वळून बघितलं. "होता की."

वाट रिकामी होती. लोरिना त्या रिकाम्या वाटेकडे बघत राहिली. हातातलं फडकं टपटप गळत होतं. वळणावर धुराखेरीज काही नव्हतं. मग धुरात एक माणूस दिसला, अगदी सावकाश येणारा, हातात मोडकं फावडं, मध्येच थांबून एखादा निखारा पायाने चिरडणारा. सगळ्यात शेवटचा.

ती धावली. पोचली आणि ओलं फडकं त्याच्या छातीवर मारलं. एकदा, दोनदा.

"सावकाश येतोस? सावकाश? इथे माझं काय होतंय, माहितीय तुला?"

"मागे निखारे राहिले होते गं. ते विझवत..."

पुढचं त्याला बोलता आलं नाही, कारण ती त्याच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडत होती, सगळ्या गावादेखत. त्याच्या अंगाला धुराचा वास येत होता. तिने तोंड बाजूला केलं नाही.

बऱ्याच वेळाने तिने मान वर केली, त्याचा चेहरा फडक्याने पुसायला घेतला. "बोल आता. दुपारी काय सांगत होतास?"

"विसरलो."

"एल्रिको!"

"सांगतो, सांगतो. लग्न करशील का, असं विचारणार होतो. आधीही कितीदा विचारणार होतो. दर वेळी घाबरलो."

"तू? तू घाबरतोस?"

"वर तर फार घाबरलो. वारा फिरला तेव्हा पाय लटपटत होते, ऊम डावीला विचार." त्याने तिचा फडक्याचा हात धरला. "पण खरं सांगू? सगळ्यात जास्त भीती तुझ्या ओट्यावर वाटली. ही मला 'ऊठ' म्हणणारच नाही की काय, असं वाटलं. मी शब्द मोडला नसता गं. मी बसलो असतो. पण मग मी तुला कधीच काही विचारलं नसतं."

लोरिना त्याच्याकडे बघत राहिली. मागे कड्यावर अजून धूर होता, या उन्हाळ्यात तो पुन्हा उठणार होता आणि पुढच्याही.

"ऐकून ठेव मग," ती म्हणाली. "पुन्हा घंटा झाली की मी रडणार. भांडणार. तुझी बाही धरणार, घट्ट. आणि मग सोडणार. दर वेळी असंच होईल, मी काही शूर होणार नाही. चालेल?"

"चालेल."

"मग हो," ती म्हणाली. "माझं हो आहे."